भूल देणारा हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी बोदवड येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला डॉक्टरणीला बोलवायचे म्हटले की विषय ठरलेला असतो. रक्तक्षय, नाही तर बाळंतिणीचा आहार. चिटणीसबाईंनीही मला तेच सुचविले होते. परंतु संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्याच सतरंजीवर जो वाद झाला तो माझ्या मनातून जाईना, म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलून घेतला आहे. आनंदाच्या दिवशी हे कसले बोलणे, असे कोणाला वाटले तर त्यांनी मला क्षमा करावी.

त्या दिवशी ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. वर्तमानपत्रात एका मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. एक भगिनी म्हणाल्या, "असल्यांना भर चौकात फाशी द्यायला हवी." दुसऱ्या म्हणाल्या, "फाशी आता जुनी झाली हो. इंजेक्शन द्यावे, दोन मिनिटांत झोपतो माणूस." त्यावर तिसऱ्या उसळल्या, "झोपू कशाला द्यायचे त्याला?" आणि मग सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगा. तुमचेच काम ते."

माझ्या हातात तिळगूळ होता, तो तसाच राहिला. तुमचेच काम ते! बाई काही वाईट हेतूने बोलल्या नाहीत. इंजेक्शन म्हटले की डॉक्टर, हे ओघानेच येते. पण तेथेच सगळी अडचण आहे, आणि तेवढेच मला आज बोलायचे आहे.

तुमच्यापैकी पुष्कळजणी मला ओळखता त्या बाळंतपणाच्या खाटेवरून. माझे मुख्य काम मात्र बाळंतपण करण्याचे नव्हते, भूल देण्याचे होते. पस्तीस वर्षे मी तेच केले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव होते, त्यांना नारळ मिळतो. भूल देणारी डोक्याशी उभी असते, आणि रोगी शुद्धीवर येतो तेव्हा तिचे तोंडही त्याला आठवत नाही. त्याचे मला कधी दुःख वाटले नाही. बाई झोपली, उठली आणि "झाले का एवढ्यात?" असे म्हणाली, की माझे काम बरोबर झाले असे मी समजत असे.

त्या काळी आमच्या हाताशी मुख्य औषध म्हणजे पेंटोथाल. कुपीत पिवळसर भुकटी असते. पाण्यात कालवायची, पिचकारीत घ्यायची आणि हाताच्या शिरेत हळूहळू सोडायची. अर्ध्या मिनिटाच्या आत डोळे मिटतात. तोंडात लसणासारखी चव आली, असे पुष्कळ बायका नंतर सांगत. साधारण वजनाच्या बाईला पाव ग्रॅम पुरे होते. मग दुसरे औषध द्यायचे ते स्नायू सैल करण्याचे. त्याने हातपाय, पोट आणि श्वासाचे स्नायूसुद्धा निपचित पडतात. श्वास आम्ही पिशवी दाबून देतो. हे दुसरे औषध झोप आणीत नाही, वेदनाही थांबवीत नाही. माणूस हलू मात्र शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता त्या इंजेक्शनाविषयी. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याने 1977 साली असा कायदा केला की देहान्ताची शिक्षा औषध टोचून द्यावी. औषधे कोणती, हे तेथील सरकारी शवचिकित्सक डॉ. जे चॅपमन ह्यांनी सुचविले. पहिले पेंटोथाल, दुसरे स्नायू निपचित करणारे पॅनक्युरोनियम, तिसरे पोटॅशियम क्लोराइड, ज्याने हृदय बंद पडते. भगिनींनो, ही तिन्ही माझ्या कपाटातली औषधे आहेत. जुलाबाने सुकलेल्या पोराला सलाईनमधून थेंबथेंब पोटॅशियम देऊन आम्ही त्याचे हृदय सांभाळतो. तेच एकदम शिरेत लोटले तर हृदय थांबते, आणि जाताना शिरेत आग आग होते. 7 डिसेंबर 1982 रोजी टेक्सास राज्यात ह्या रीतीने पहिल्या माणसाचा अंत करण्यात आला. नंतर चीनने 1997 पासून आणि व्हिएतनामने 2013 पासून इंजेक्शन सुरू केले.

प्रत्येक नवी रीत दयेच्या नावाने आली, आणि बहुधा कोणी तरी वैद्यच ती घेऊन आला, हे पाहिले की मला ओशाळल्यासारखे होते. फ्रान्समध्ये मान कापण्याचे यंत्र आले त्याला ज्यांचे नाव चिकटले ते गिलोटिन डॉक्टर होते, आणि यंत्राचा आराखडा करणारे लुई हे शस्त्रवैद्य. विजेच्या खुर्चीची कल्पना मांडणारे साउथविक हे दातांचे डॉक्टर. सगळ्यांचा हेतू एकच, माणसाला दुखू नये. आपल्या सतरंजीवरचा हेतूही, निदान दुसऱ्या भगिनींचा, तोच होता.

पण दुखत नाही हे कोणी पाहिले? येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ही गोष्ट मी आजवर जाहीर बोललेली नाही.

1986 चा पावसाळा होता. गाव आणि दवाखाना सांगत नाही. आपल्याच भागातल्या एका खेड्यातली बाई, पहिलटकरीण, मूल आडवे, म्हणून पोट उघडून सोडवायचे ठरले. पोटातल्या बाळापर्यंत भूल जास्त पोचू नये म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत आईला हलकी भूल द्यायची असते, आणि बाळ आले की भूल वाढवायची. मी पेंटोथाल दिले, स्नायू सैल करण्याचे औषध दिले, यंत्रावरची वाफेच्या औषधाची बाटली उघडली. बाळ रडले, सगळ्यांना बरे वाटले. मग टाके घालता घालता डॉक्टर आणि मी बोलत बसलो. भरिताची वांगी कुठली चांगली, बामणोदची की आणखी कुठली, हा आमचा विषय. वांगी काड्यांवर भाजावी की शेगडीवर, ह्यावर मी तावातावाने बोलले. मध्ये बाईची नाडी फार धावू लागली. रक्त बरेच गेले होते, मला वाटले त्यामुळेच. तिच्या डोळ्याच्या कडेला पाणी आले होते. ते मी बोळ्याने पुसले आणि पुन्हा वांग्यांवर आले.

तिसऱ्या दिवशी मी फेरीला गेले. बाईने माझा पदर धरला आणि हळूच म्हणाली, "बाई, मले समदं आयकू येत व्हतं." मी म्हटले, अगं, गुंगीत असे भास होतात. ती म्हणाली, "तुमी बामनोदच्या वांग्याचं बोलत व्हत्या. मी वरडाले गेली त तोंड उघडेना. हात हालवाले गेली त हात हालेना."

मी यंत्र जाऊन पाहिले. त्या दिवशी त्या बाटलीत औषध जेमतेम तळाशी होते. मी सुरुवातीला पाहिलेच नव्हते. पेंटोथालचा अंमल पाच-दहा मिनिटांत उतरतो. नंतर पाऊण तास ती बाई जागी होती, पोटात सुई फिरत होती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती इतकी शांत दिसत होती की आम्ही भरिताच्या गप्पा मारल्या.

म्हणून "दोन मिनिटांत झोपतो" हे ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. त्या तीन औषधांतले मधले औषध कैद्याच्या उपयोगाचे नाही. ते काचेपलीकडे बसलेल्या साक्षीदारांच्या उपयोगाचे आहे. पहिल्या औषधाची मात्रा पोचली तर ठीक. शिरेबाहेर गेली, कमी पडली, तर माणूस आत जागा आहे आणि बाहेर सगळे शांत. 2005 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात 49 कैद्यांच्या मरणोत्तर रक्ततपासणीचा लेख आला. त्यांतल्या 43 जणांच्या रक्तात पेंटोथाल शस्त्रक्रियेला लागते त्याहून कमी होते. मृत्यूनंतर रक्तातले औषध इकडेतिकडे पसरते, तेव्हा ह्या आकड्यांवर फार विसंबू नये, असा आक्षेप इतर डॉक्टरांनी घेतला, आणि त्यातही तथ्य आहे. पण हा वाद रक्ताच्या नळ्यांवरून करावा लागतो, ह्यातच सगळे आले. माझ्या बाईने तिसऱ्या दिवशी माझा पदर धरला. तेथे तिसरा दिवस नसतो.

तुम्ही म्हणाल, तुमच्यासारखी चुकणारी नको, चांगली हुशार भूलतज्ज्ञ उभी करावी. कॅलिफोर्नियात नेमके हेच झाले. 2006 च्या फेब्रुवारीत मायकेल मोरालेस नावाच्या कैद्याचा दिवस ठरला होता. न्यायाधीशांनी सांगितले, कैदी खरोखर बेशुद्ध आहे की नाही हे पाहायला भूलतज्ज्ञ हजर ठेवा. दोघे कबूल झाले. शेवटच्या तासांत त्यांच्या ध्यानात आले की कैदी जागा आहे असे दिसले, तर आपण आणखी औषध द्या म्हणून सांगायचे आहे. म्हणजे पाहणारे आपण नाही, मारणारेच आपण. दोघेही मागे फिरले, आणि शिक्षा थांबली. मी ती हकीकत वाचली तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. कबूल कसे झाले ह्याचेच नवल वाटले. पुढे 2010 साली तिकडच्या भूलतज्ज्ञांच्या प्रमाणपत्र मंडळाने ठरविले की जो ह्या कामात भाग घेईल त्याचे प्रमाणपत्र रद्द होऊ शकेल. परिचारिकांच्या संघटनेचाही विरोध आहे. जागतिक वैद्यक संघटनेने तर 1981 सालीच ठराव केला की देहान्ताच्या शिक्षेत डॉक्टरने भाग घेणे नीतीला सोडून आहे. मेल्यानंतर मृत्यूचा दाखला देण्यापुरती मात्र मोकळीक ठेवली.

मग डॉक्टर मागे सरले की शीर कोण शोधते? तुरुंगातला शिकवून तयार केलेला माणूस. आता शीर शोधणे हे काय काम आहे, हे येथल्या सिस्टरना विचारा. उन्हाळ्यात सुकलेल्या, हडकुळ्या म्हातारीच्या हाताची शीर सापडायला कधी कधी सगळे कौशल्य पणाला लागते. ओहायो राज्यात 2009 च्या सप्टेंबरात रोमेल ब्रूम नावाच्या कैद्याची शीर दोन तास टोचून सापडली नाही, तेव्हा त्याला परत कोठडीत नेले. ओक्लाहोमात 2014 च्या 29 एप्रिलला क्लेटन लॉकेटच्या जांघेत सुई घातली, ती नीट बसली नव्हती, आणि वर चादर घातलेली असल्यामुळे औषध शिरेबाहेर जाते आहे हे वेळीच कोणाला दिसले नाही. तो कण्हला, डोके उचलू लागला, आणि त्रेचाळीस मिनिटांनी मेला. तेथे डॉक्टर हजर होता. त्याच राज्यात 1995 च्या ऑगस्टात रॉबर्ट ब्रेकीन ह्या कैद्याने शिक्षेच्या आधी गोळ्या घेतल्या. त्याला दवाखान्यात नेले, पोट धुतले, शुद्धीवर आणले, आणि मग इंजेक्शन देऊन मारले.

ह्या ब्रेकीनचे वाचून मला आपल्याकडचे एक बोलणे आठवले. आपल्या खानदेशात "तिने औषध घेतले" असे कोणी म्हटले तर घरातल्या बाया तोंडाला पदर लावतात. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचे विष. बरे करते तेही औषध आणि मारते तेही औषध, भाषेने दोघांना एकच नाव दिले आहे. अशा किती तरी पोरींना रात्ररात्र ॲट्रोपिन टोचून आम्ही परत आणले. एकदाही असे मनात आले नाही की हिला कशासाठी परत आणतो आहोत. उत्तर ठरलेले होते, जगण्यासाठी. ब्रेकीनचे पोट धुणाऱ्या डॉक्टरच्या मनात त्या दिवशी काय उत्तर असेल?

हे सगळे दूर अमेरिकेचे, आपला काय संबंध, असे समजू नका. 2011 च्या जानेवारीत तिकडच्या हॉस्पिरा कंपनीने पेंटोथाल बनविणेच बंद केले, कारण ज्या इटलीत ते बनणार होते तेथील सरकारला ते वधासाठी जायला नको होते. मग तुरुंगखात्यांना औषध मिळेना. तेव्हा नेब्रास्का राज्याने ते मागविले ते आपल्या मुंबईहून, कायेम फार्मास्युटिकल ह्या कंपनीकडून, 500 ग्रॅम. मी वर्तमानपत्र हातात धरून हिशेब केला. पाव ग्रॅमप्रमाणे 2000 बायकांची भूल! वधाला एका माणसामागे दोनपासून पाच ग्रॅम वापरीत असत. गवगवा झाल्यावर त्या वर्षीच्या एप्रिलात कंपनीने आपणहून जाहीर केले की हिंदू धर्माची शिकवण मानणारे आम्ही, केवळ वधासाठी हे औषध विकणार नाही. त्याबद्दल मला समाधान वाटले हे सांगितलेच पाहिजे. कोणी सक्ती केली नव्हती.

आणि ह्यात बळी कोणाचा जातो ते पाहा. पेंटोथाल नाहीसे झाले ते अमेरिकेतल्या रुग्णालयांतूनही. पुढे मिसुरी राज्याने प्रोपोफोल वापरायचे ठरविले. हे औषध आज आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी वापरतात. ते येत होते युरोपातून, आणि युरोपने वधाच्या औषधांची निर्यात अडविली होती. एका कैद्यासाठी सगळ्या देशाच्या रुग्णांचे औषध अडेल अशी भीती भूलतज्ज्ञांनी घातली, तेव्हा 2013 च्या ऑक्टोबरात तेथील राज्यपालांनी तो बेत सोडला. वेदना थांबविणारी वस्तू एकदा मारण्याच्या कामाला लावली की ती दोन्हीकडे पुरी पडत नाही.

आता आपल्या देशाचे. आपल्याकडे कायद्यात फाशीच आहे. जुन्या फौजदारी संहितेत वाक्य होते की मरेपर्यंत गळ्याला फास लावून टांगावे, आणि 2024 च्या जुलैपासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्यातही ते आहे. 1983 साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता की फाशी ही क्रूर रीत आहे का. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. परदेशांतल्या इतर रीती तपासून न्यायालयाने म्हटले की त्यांतली कुठलीच फाशीहून निश्चितपणे सरस दिसत नाही. 2003 साली विधी आयोगाने आपल्या 187 व्या अहवालात इंजेक्शनाचीही सोय असावी अशी शिफारस केली. 2017 साली एका वकिलाने पुन्हा अर्ज केला, आणि 2023 च्या मार्चमध्ये तो ज्यांच्यापुढे निघाला ते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव! त्यांनी सरकारला विचारले की शास्त्रीय माहिती काय आहे, तज्ज्ञांची समिती नेमता येईल का. 2025 च्या ऑक्टोबरातही ह्यावर सुनावणी झाली. कैद्याला निवड द्यावी ही सूचना सरकारला पसंत नव्हती. तेव्हा आपल्या हळदीकुंकवाचा वाद दिल्लीतही चालू होता असे म्हणायला हरकत नाही.

अहवाल वाचताना मला एकच शोधायचे होते: टोचणार कोण? औषध कोणते आणि किती, ह्याविषयी कागद पुष्कळ भरतात. हात कोणाचा, ह्यावर सगळे घाईने पुढे जातात.

फाशीत डॉक्टरचा हात नसतो असे मात्र नाही, आणि ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाराष्ट्रात येरवडा आणि नागपूर ह्या कारागृहांत फाशीची सोय आहे. कैद्याची तब्येत डॉक्टर तपासतात, वजन घेतात. वजनावरून दोर किती सोडायचा ते ठरते. 2014 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला, कैद्यांच्या बाजूचा. चौदा दिवसांची पूर्वसूचना हवी, शरीर आणि मन ठीक असल्याचा सरकारी डॉक्टरांचा अहवाल हवा, नंतर शवविच्छेदन हवे. सगळे योग्यच. वेड लागलेल्या माणसाला फासावर चढवू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. तरीसुद्धा डॉक्टरच्या हातात जो कागद येतो त्याचा अर्थ काय? हा मनुष्य मरण्याइतका धडधाकट आहे.

शेवटचे काम त्याहून कठीण. पूर्वी पंजाबच्या तुरुंगनियमांत देह अर्धा तास टांगता ठेवावा असे होते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही. डॉक्टरने मृत्यू झाला म्हटले की देह खाली घ्यावा. दयेचाच निकाल. पण त्यासाठी डॉक्टरला दोराला लटकलेल्या माणसाच्या छातीला नळी लावावी लागते. हृदय चालू असले तर काय म्हणायचे? "अजून नाही." आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकविलेले असते की ठोका ऐकू आला की धाव. तेथे ठोका ऐकू आला की थांबायचे. 2017 साली भारतीय वैद्यक संघटनेनेही भूमिका घेतली की डॉक्टरांनी फाशीच्या कामात भाग घेऊ नये. सरकारी नोकरीतला तरुण डॉक्टर ते कितपत पाळू शकतो, हा निराळा प्रश्न.

मुंबईवरच्या हल्ल्याच्या रात्री, 26 नोव्हेंबर 2008 ला, अजमल कसाब पकडला गेला तेव्हा त्याला नायर रुग्णालयात नेले. शहरातली रुग्णालये त्यांच्या गोळ्यांनी घायाळ झालेल्यांनी भरलेली होती. डॉक्टरांनी त्याच्याही जखमा बांधल्या. मला विचाराल तर त्या रात्रीची ती सर्वांत अवघड पट्टी असेल, आणि ती बांधणाऱ्यांविषयी मला अभिमान वाटतो. 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात त्याला फाशी दिली. त्या सकाळी तेथे जो डॉक्टर उभा होता त्याला मी दोष देत नाही. पण ही दोन कामे एकाच शपथेत कशी बसवायची, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरीणबाई कैद्यांच्या बाजूने बोलताहेत. तसे नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाले अशा मुली मी तपासल्या आहेत. नऊ वर्षांच्या एका पोरीने तपासताना माझा अंगठा धरून ठेवला होता. तेव्हा राग काय असतो ते मला कोणी सांगायला नको. रेणुका शिंदे आणि सीमा गावित ह्या बहिणींनी लहान मुले पळवून मारली, तो खटला आपल्या कोल्हापूरचा. बायकांनी असे करावे, ह्याने आपण सगळ्याच हादरलो होतो. दयेच्या अर्जाला फार विलंब लागला म्हणून 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कोणी म्हणाले, चुकले. कोणी म्हणाले, बरे झाले. फाशी असावी की नसावी हे तुम्ही आणि मी मते देऊन, भांडून, कायद्याने ठरवू. माझे मत आता नको असेच झुकले आहे, पण ते मी कोणावर लादत नाही. इंजेक्शनाचे मात्र मी डॉक्टर म्हणून सांगते. फाशी पाहणाऱ्याला निदान कळते की येथे माणूस मारला जातो आहे. इंजेक्शनात पांढरी चादर असते, स्पिरिटचा बोळा असतो, सलाईनची नळी असते. म्हणजे सगळे माझे घर असते, आणि आत जाणारा कोणी परत यायचा नसतो. ज्या भगिनींनी "झोपू कशाला द्यायचे" म्हटले, त्यांचा राग मला कळतो. ज्यांनी "दोन मिनिटांत झोपतो" म्हटले, त्यांची दयाही कळते. पण हे तुमचेच काम, असे मला म्हणू नका. ते माझे काम नाही.

एक राहिले. त्या पहिलटकरणीचे पुढे काय झाले, असे चिटणीसबाईंनी कालच मला विचारले. ती चार वर्षांनी पुन्हा आली. पहिले पोट उघडलेले, म्हणून दुसऱ्या वेळीही तेच करायचे होते. मला वाटले, मला पाहून ही घाबरेल. मी दुसऱ्या कोणाला बोलवते म्हणाले. ती म्हणाली, "नको, तुमीच ऱ्हा. पन बाटली दाखवा." मी यंत्रावरची बाटली काढून तिच्यापुढे धरली. तिने ती दोन्ही हातांत घेतली, खिडकीच्या उजेडात हलवून पाहिली, भरलेली आहे अशी खात्री करून घेतली, मला परत दिली, आणि मग आपला हात पुढे केला.